दोन ते एकोणतीस : तोंडी

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी आठ भजी कधी खाल्ली नाहीत. खायची तर सात. गाड्यावाल्यानं आपुलकीनं एक जास्त टाकलं की ते उचलून शेजारच्याच्या ताटलीत ठेवायचे. शेजारी कुणी नसलं तर आणखी तीन मागवून अकरा करायचे. "आठात काय आहे? दोन दोन दोन. तीनदा तेच ते," असं म्हणून अकरा खायचे आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून रजेचा अर्ज द्यायचे. अर्ज माझ्याकडे यायचा. कारणाच्या रकान्यात 'मूळ संख्या' लिहिता येत नाही, म्हणून मी 'प्रकृती' लिहायची.

मी त्या शाळेची हेडक्लार्क. माझं सगळं यादीवर चालतं. घरी फ्रिजवर एक यादी, ऑफिसात पॅडवर दुसरी, पर्समध्ये तिसरी. काम झालं की टिक, नाही झालं की दुसऱ्या दिवशीच्या यादीत सगळ्यांत वर. सर मला 'यादीबाई' म्हणायचे. मी त्यांना तोंडावर 'सर' म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

ज्या संख्येला फक्त एकानं आणि तिनं स्वतःच भाग जातो ती मूळ संख्या, हे आपण सगळेच शाळेत शिकलो आणि विसरलो. सर विसरले नाहीत, एवढाच आमच्यात आणि त्यांच्यात फरक. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आणि ते ऐटीत सांगायचे, "मी मूळ आहे. मला भाग जात नाही." यावर चित्रकलेच्या बाई एकदा डब्यातली शेंगाचटणी वाढता वाढता म्हणाल्या, "पण सर, कुणी भाग देऊन बघितला होता का?" पूर्ण स्टाफरूम हसली. सर हसले नाहीत. ते चटणीतले अख्खे राहिलेले शेंगदाणे मोजत होते.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे सांगायला नको. एका उन्हाळ्यात ते पाचव्या दिवसावरून सहाव्या दिवसावर गेलं, तेव्हा सरांच्या गल्लीतल्या बायकांनी घागरी घेऊन मोर्चा काढला. जन्मात कुठल्या मोर्चात न गेलेले सर त्यात सामील झाले. हातात पुठ्ठ्याचा फलक होता. 'सहा नको. पाच द्या, नाहीतर सात.' सात वाचल्यावर बायकांनी तो फलक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यावर चपला ठेवून त्या सावलीत बसल्या.

परीक्षेच्या वेळी त्यांना कोणती खोली द्यायची हा माझ्यापुढचा प्रश्न असायचा. दोन, तीन, पाच आणि सात या खोल्यांवरच ते पर्यवेक्षण करायचे. एका वर्षी मी मुद्दाम नऊ दिली. यादी बघून ते ऑफिसात आले.

"नऊ?"

"तीच रिकामी आहे सर."

"नऊ म्हणजे तीन त्रिक. अशा खोलीत पोरं एकमेकांचं बघून लिहिणारच."

पोरांनी लिहिलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते, म्हणून लिहिलं. पण नंतर वर्षभर त्याचा दोष नऊलाच मिळाला.

आता त्यांच्या त्या संख्येबद्दल. सरांचा एक शोध होता. तो शोध त्यांनी आमच्यापैकी प्रत्येकाला निदान पाच वेळा सांगितला असेल. फळ्यावर ते एकाखाली एक लिहायचे : एकतीस, तीनशे एकतीस, तीन हजार तीनशे एकतीस. दर ओळीला पुढं एक तीन वाढवायचा, शेवटी एक तोच. "यातली प्रत्येक संख्या मूळ आहे. प्रत्येक. कितीही तीन लावत जा, ही मालिका मोडत नाही." आठ अंकांपर्यंत, म्हणजे तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीसपर्यंत, त्यांनी स्वतः हातानं भागाकार करून तपासलं होतं. त्या आठ अंकी संख्येबद्दल ते असं बोलायचे, जसं लोक परदेशातल्या मुलाबद्दल बोलतात. "तिला तीननं गुणा. दहा कोटीला सात कमी! आणि दोन वर्गांची बेरीज म्हणून ती कधीच मांडता येत नाही. कधीच नाही!" आम्ही म्हणायचो, "वा सर." त्या 'वा'च्या आत घंटेकडे लक्ष असायचं.

त्यानंतर त्यांनी नऊ अंकी संख्या हातात घेतली. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. हे ऐकून आमचे शिपाई गफूरभाई चहाचा ट्रे खाली ठेवत म्हणाले, "सर, तेहतीस करोड तो देव हो गए. ऊपर के तेहतीस लाख कौन?"

"ट्रस्टी," सर म्हणाले. आमच्या आठवणीतला त्यांचा हा एकच विनोद. तो विनोद होता की माहिती, याची आजही मला खात्री नाही.

एखादी संख्या मूळ आहे हे ठरवायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून बघावं लागतं. इथे ते अठरा हजार दोनशे सत्तावन्नपर्यंत जातं. अशा मूळ संख्या दोन हजारांहून जास्त. सर रोज एक भागाकार करायचे. अंघोळ, भागाकार, मग चहा. कुणी म्हणालं, "सर, मोबाईलवर क्षणात कळेल," की ते म्हणायचे, "मोबाईल उत्तर देतो. खात्री देत नाही." हे जवळजवळ सहा वर्षं चाललं. दोनशे पानी वह्या भरत गेल्या, आणि त्या वह्या शाळेच्या कपाटात ठेवायला जागा मागत ते माझ्याकडे यायचे. पहिली वही मी उघडून बघितली होती. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत लिहिलं होतं :

२ ते २९ : तोंडी.

पुढची ओळ एकतीसनं सुरू होत होती, सगळ्या पायऱ्यांसकट. मी विचारलं, "पहिल्या दहांचे भागाकार कुठं आहेत?"

"यादीबाई, मला तीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत. ज्याला तीसपर्यंत येतं त्यानं तिथवर कागद खराब करायचा नसतो."

तीसपर्यंतचे पाढे ही त्यांची खरी मालमत्ता. त्या जोरावर त्यांनी पोरांच्या पिढ्या छळल्या. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात त्यांनी श्रीनिवास नावाच्या मुलाला विचारलं होतं, एक्कावन्न ही मूळ संख्या आहे का? श्रीनिवास शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला. घरात तेलुगू, वर्गात मराठी, आणि मधे पाढे. तो "हो" म्हणाला.

"एक्कावन्न मूळ? आणि सतरा त्रिक कुठं गेलं रे? मागावर ठेवून आलास?"

वर्ग हसला. आठवडाभर श्रीनिवास वर्गाच्या दारात उभा राहून सतराचा पाढा म्हणत होता. येणाराजाणारा ऐकत होता. सरांनी त्याचं नावच 'एक्कावन्न' ठेवलं. पोरांनी उचललं, मग गल्लीनं. दहावी झाल्यावर तो वडिलांच्या कारखान्यात गेला. आज त्याचे स्वतःचे चार माग आहेत. शाळेला लागणाऱ्या नाव विणलेल्या चादरी, टॉवेल तोच देतो. आणि अजूनही सर रस्त्यात दिसले तर हाक येते, "काय एक्कावन्न, धंदा कसा आहे?" हे सगळं मला श्रीनिवासनंच सांगितलं, हसत हसत. फार हसत सांगितलं म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

निवृत्तीच्या वर्षी एका सकाळी सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. शेवटचा भागाकार झाला होता. "बाकी पंधरा हजार दोनशे ब्याऐंशी!" ते दारातूनच ओरडले. पेढे अकराच होते. स्टाफ बावीस. मी सुरीनं प्रत्येकाचे दोन केले, तर म्हणाले, "भाज्य केलंत सगळं." तरी त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळा होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. पेढा चांगला होता.

निरोप समारंभाची यादी माझ्याकडे आली. सत्तावीस कामं. नववं काम चादर. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला त्याचं नाव विणलेली चादर देतात. सर म्हणाले, "नाव नको. माझ्या नावाचे या शहरात चार जण निघतील. ती संख्या विणा."

चादर बघायला मी श्रीनिवासच्या कारखान्यात गेले. बाहेर ऊन, आत मागांचा खडखडाट. बोलायचं तर ओरडावं लागतं. नक्षीची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं मागावर एकापाठोपाठ एक फिरत होती आणि खाली मरून कापडावर पांढरे आकडे उमटत होते. पहिली चादर उतरली. मी तीन मोजले. आठ. शेवटी एक. बरोबर. यादी काढली आणि टिक करणार तेवढ्यात हात थांबला. ओळ होती, 'संख्या बरोबर असल्याची खात्री करणे.' माझा नियम असा, की दुसऱ्यानं तपासलंय म्हणून मी टिक करत नाही. पावती दुसऱ्यानं मोजलेली असली तरी मी मोजते. आणि या संख्येला मी सहा वर्षं न बघता टिक करत आले होते.

शिवण व्हायला वेळ होता. यादीच्या मागच्या बाजूला मी भागाकार मांडला. दोन, तीन, पाच बघायचंच कारण नव्हतं. सातानं बाकी दोन. अकरानं एक. तेरानं सहा. माझे पाढे वीसपर्यंतचे, तेही अडखळत. सतरा घेतले. तेहतीसात एकदा, बाकी सोळा. एकशे त्रेसष्टात नऊदा, बाकी दहा. एकशे तीनात सहादा, बाकी एक. पुढं पुढं गेले. शेवटी पाच उरले, त्यावर तो शेवटचा एक खाली आला.

मी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं मॅडम?" श्रीनिवास कानाशी ओरडला. मी कागद पुढं केला. त्यानं वरच्या ओळी बघितल्याच नाहीत. शेवटची बघितली. मग जाऊन माग बंद केला, शेजारचाही बंद करायला लावला. कारखाना शांत झाला.

"सतरा त्रिक एक्कावन्न," तो म्हणाला. "ह्ये मला दारात उभं करून शिकवलंय. ह्यात मी चुकणार न्हाय."

मी वाट बघत होते की तो आता हसेल. कोणीही हसलं असतं.

"त्यांना कोण सांगणार?" मी विचारलं.

"तुमी सांगा की. यादी तुमची हाय."

मी मोबाईल काढला. आठ अंकी संख्या खरोखरच मूळ होती, सरांचं तिथवर सगळं बरोबर. म्हटलं, "एक तीन काढता येईल?"

"सगळं मधोमध सरकवायचं तर लई कार्डं बदलावी लागतील. डावीकडचा एक नुसता पुसतो. बाकीचे जागेवरच ठेवतो."

"मीच म्हणाले खरं, पण त्यांच्यासाठी तू कशाला करतोस? राहू दे म्हणालास तरी कुणाला कळणार आहे?"

"चादर माझ्या मागावरची हाय मॅडम. चुकीचं कसं इणू?"

मी घरी आले आणि यादीत अठ्ठाविसावं काम लिहिलं. 'सरांना सांगणे.' रोज ते पुढच्या दिवसाच्या यादीत सगळ्यांत वर जात होतं. समारंभापर्यंतचे नऊ दिवस असेच गेले. माझ्या नोकरीत असं दुसरं काम नाही.

समारंभात मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं, "सरांनी जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या शोधून काढली." सर खुर्चीतूनच म्हणाले, "सर्वांत मोठी नसते हो. किती वेळा सांगू?" मग चादर उलगडली. फोटोवाला पुढं आला. आणि सरांनी बोट लावून तीन मोजले. मला माहीत असायला हवं होतं. ज्या माणसानं भजी मोजली तो हे मोजणारच.

"सात," ते म्हणाले. मग माईकमध्ये, "एक्कावन्न! उभा राहा."

तिसऱ्या रांगेत श्रीनिवास उभा राहिला. चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेजारी बायको आणि आमच्याच शाळेत नववीत असलेली मुलगी.

"तीन किती आहेत?"

"सात, सर."

"मी किती दिले होते?"

"आठ."

"मग एक कुठं गेला?"

श्रीनिवासनं माझ्याकडे बघितलं. मी पॅडकडे बघितलं.

"रुंदीत बसला न्हाय, सर."

"तेव्हाही तुला मोजता येत नव्हतं, आजही येत नाही. अठ्ठावीस वर्षं फुकट!"

सभागृह हसलं. प्रेमळ हसणं होतं, निवृत्त होणाऱ्याच्या चेष्टेला लोक हसतात तसं. श्रीनिवासही हसला. त्याची मुलगी हसली नाही. सरांनी बस म्हणेपर्यंत तो उभाच होता, आणि सर बस म्हणायला विसरले. मी व्यासपीठावर पॅड छातीशी धरून उभी होते. त्यावर त्याचं खरं उत्तर असलेला कागद होता.

त्यानंतरच्या आठवड्यात सर पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला ऑफिसात आले. मी यादीप्रमाणे कागद पुढं सरकवत गेले. तेरा झाले. ते खूश झाले. तेरा मूळ आहे. मी चौदावा सरकवला.

"चौदा? चौदा म्हणजे सात दुणे."

"हा माझ्या यादीतला आहे सर. तपासून द्या."

त्यांनी वरची संख्या बघितली, भागाकाराच्या बाहेर मांडलेले सतरा बघितले, आणि हसले. "तुम्ही बी.कॉम. ना? कुठंतरी घसरला असाल." खिशातलं लाल पेन काढलं. त्यांना माझी चूक शोधायची होती, आणि मला ती सापडावी असं पहिल्यांदाच वाटलं. प्रत्येक पायरीवर ते आकडे म्हणत टिक करत गेले. तिसऱ्या पायरीपर्यंत आवाज मोठा होता, पाचवीला हळू झाला. शेवटी एक्कावन्न आले. पेन तसंच वर राहिलं.

गफूरभाई चहा घेऊन आले, बघितलं आणि तसेच परत गेले.

"तोंडी केलं होतं," सर म्हणाले. "पहिल्याच दिवशी. सतरा सक एकशे दोन… कुठं गेलं कोण जाणे." मग विचारलं, "सहा वर्षं कपाटात वह्या होत्या. कुणीच बघितलं नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते चांगलं नव्हतं. आम्ही त्यांना हसत होतो. हसणाऱ्याला तपासायची गरज पडत नाही.

"नाही सर. कुणीच नाही."

त्यांनी शेवटच्या ओळीला टिक केली. कोपऱ्यात गोल काढून त्यात १०/१० लिहिलं, खाली 'पायऱ्या स्वच्छ.' आणि कागद मला परत दिला.

"चादरीत सातच तीन तुम्ही घालायला लावलेत?"

"मी सुचवलं. विणलं श्रीनिवासनं. त्याला ठाऊक होतं."

"कोण श्रीनिवास?"

"एक्कावन्न," मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. दोनदा लावलं, पहिल्यांदा बसलं नाही. मग पिशवी उचलून गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास श्रीनिवासचा फोन आला. मागे खडखडाट.

"मॅडम, सर आलेत कारखान्यात. चादर घेऊन."

"काय म्हणतायत?"

"दारात उभे हायत. आत या म्हनलं तर येईनात. बसा म्हनलं तर बसेनात. सतराचा पाढा म्हनायलेत."

"काय?"

"ऐका की."

त्यानं फोन पुढं धरला असावा. आधी नुसते मागच ऐकू आले. मग एक माग थांबला, दुसरा थांबला, चारही थांबले. सरांचा वर्गातला आवाज, तसाच खणखणीत. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. ते कुठेही न अडखळता एकशे सत्तरपर्यंत गेले. मधे कामगारांपैकी कुणी तरी खोकलं. पाढा संपला. मग कापड झटकून उलगडल्याचा आवाज आला, आणि पुन्हा सर.

"रुंदीत बसला नाही म्हणालास ना? डावीकडे एका तीनाची जागा मोकळी आहे. टेपनं मोजली मी. आरामात बसला असता. भर सभेत खोटं बोललास, श्रीनिवास."

"व्हय सर," तो म्हणाला, आणि माग पुन्हा सुरू झाले.